वहीत नंतर लिहू

गेल्या महिन्यात नातवाने मला कर्वेनगरमधले विक्रम पेंडसे यांचे सायकलींचे संग्रहालय दाखवायला नेले. गुडघे कुरकुरत होते, तरी गेले. त्याला वाटले आजी पाच मिनिटांत कंटाळेल. झाले उलटेच! तोच कोपऱ्यात मोबाईल घेऊन बसला आणि मी एकेका सायकलीपुढे उभी राहत होते. शेवटी तो म्हणाला, "आजी, तुमच्या वेळी सायकल रेंटने मिळायची?"

मिळायची म्हणजे काय! आमच्या वेळी आमच्या वयाच्या पोरांना सायकल मिळायची ती भाड्यानेच. स्वतःची सायकल ही मोठ्या माणसांची वस्तू होती. पण रस्ताभर त्याला सांगत आले आणि घरी आल्यावर लक्षात आले, की सगळे सांगितले नाही. एक गोष्ट गाळली. ती घरातल्या एका माणसाबद्दल आहे म्हणून गेली साठ वर्षे मी ती गाळतच आले आहे. आज लिहून टाकते. आपल्यापैकी काहींना आवडणार नाही, त्यांनी रागवावे. त्या माणसाचे नाव मी लिहिणार नाही आणि कोणी विचारूही नये.

आम्ही नारायण पेठेत राहायचो, नदीच्या अंगाला. गल्लीच्या तोंडाशी मामांचे सायकलचे दुकान. मामा कोणाचेच मामा नव्हते, पण अख्खी गल्ली त्यांना मामा म्हणायची. वाईकडचे. लढाईच्या काळात पोटासाठी पुण्याला आले, कॅम्पातल्या एका दुकानात हाताखाली राहून काम शिकले आणि स्वातंत्र्यानंतर आमच्या गल्लीत स्वतःचे दुकान थाटले. दुकान म्हणजे दहा बाय बाराची खोली, पुढे फळ्यांचे दार, मागे एक अंधारी खोली. त्या खोलीत मामी आणि दोन मुले. छताच्या तुळईला दोन लोखंडी आकडे, त्यांना दोरीने टांगलेली उलटीसुलटी सायकल. खाली अर्धे कापलेले पत्र्याचे पिंप, त्यात काळे पाणी. पंक्चर काढायचे असले की ट्यूब त्या पाण्यात बोट-बोट सरकवत दाबायची. बुडबुडे आले की तिथे खूण करायची, घासायचे, सोल्युशन लावायचे, ते जरा सुकू द्यायचे आणि जुन्याच ट्यूबचा कापलेला तुकडा वर ठोकायचा. सोल्युशन सुकायच्या आत घाई केली तर ठिगळ निघते, हे मी शाळेत जाण्याआधी शिकले असेन!

भाड्याच्या चौदा सायकली होत्या. प्रत्येकीच्या मागच्या मडगार्डवर पांढऱ्या रंगात नंबर. चार नंबरची लहान, ती आम्हा मुलांची. तासाला दोन आणे. १९५७ साली नवे पैसे आले तरी मामा 'दोन आणे'च म्हणायचे आणि बारा नवे पैसे घ्यायचे. एका लांबट वहीत पेन्सिलीने नाव, नंबर, गेल्याची वेळ, आल्याची वेळ. भिंतीवरचे घड्याळ पाच मिनिटे पुढे होते आणि ते मामांनी मुद्दाम पुढे ठेवलेय असा आमचा ठाम समज होता. मामा काही संत नव्हते. उशीर झाला की पाच मिनिटांचेही पैसे लावायचे, आणि सायकल पाडून आणली तर सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असे बोलायचे.

मी १९६० च्या उन्हाळ्यात शिकले, दहाव्या वर्षी. दांडीवरून पाय पुरत नाही म्हणून दांडीखालून पाय घालून, हाफ पायडल. मुलीने सायकल शिकण्यात पुण्यात तेव्हा नवल उरले नव्हते, पण आमच्या आजीला ते नवलच होते. "पडलीस, नाकाचे हाड मोडले, तर पुढे कोण करून घेणार?" हा तिचा प्रश्न. मामा तिला ओट्याखालून म्हणाले होते, "आजी, सायकल येनाऱ्या पोरीला नवऱ्याची वाट बघावी लागत न्हाई." आजी त्यांच्याशी आठ दिवस बोलली नाही.

पुण्याला सायकलींचे शहर म्हणत ते उगाच नव्हे. पेठा एकमेकींना चिकटलेल्या, कॉलेजे नदीपलीकडे, चढ फारसे नाहीत. महापालिका १९५० साली झाली आणि त्याच साली पीएमटीच्या बसेस आल्या, पण बसची वाट बघण्यापेक्षा सायकल बरी असे मानणारेच जास्त. खडकीच्या दारूगोळ्याच्या कारखान्याकडे सकाळी कामगारांच्या सायकलींची रांग लागायची. रात्री दिवा नसला की पोलीस धरायचा. रॉकेलचा दिवा असे तो. "आत्ताच विझला हो," म्हटले की पोलीस दिव्याला हात लावून बघायचा, गरम आहे की गार!

मामांच्या लेखी सायकलींच्या दोन जाती. इंग्लिश आणि देशी. इंग्लिश म्हणजे नॉटिंगहॅमची रॅले, बर्मिंगहॅमच्या हर्क्युलस आणि बीएसए. ते पान्याने फ्रेमवर टिचकी मारायचे आणि आवाज ऐकवायचे. देशी कारखाने तर त्यांच्या डोळ्यांदेखत उभे राहिले होते. मुंबईला वरळीत हिंद सायकल्स, मद्रासला १९४९ साली टीआय, आसनसोलला सेन-रॅले, सोनिपतला १९५१ साली अ‍ॅटलस, लुधियानाला १९५६ साली हीरो. भूगोलाच्या तासाला ही गावे मला नकाशात पटकन सापडत, कारण ती मी मामांच्या खोक्यांवर वाचलेली असत. पुढे मीही वर्गात तशीच शिकवली. असो.

तर १२ जुलै १९६१, बुधवार. पुण्यातल्या माझ्या वयाच्या माणसाला पुढचे सांगावे लागत नाही, पण हल्लीच्या मुलांसाठी सांगते. पानशेतचे धरण अजून पुरे व्हायचे होते. रात्रभर जवानांनी वाळूची पोती टाकून ते धरायचा प्रयत्न केला, पण सकाळी ते फुटले. ते पाणी खाली खडकवासल्यात आले आणि दुपारी तेही जुने धरण गेले. आमच्याकडे 'धरण फुटले, पळा' अशी ओरड झाली तेव्हा पाऊस भुरभुरत होता आणि आई भाकऱ्या थापत होती.

आमच्या घरात प्रश्न आजीचा. सत्तरी ओलांडलेली, पायाने अधू. वडील कचेरीत गेलेले. आई, मी, धाकटा भाऊ आणि आजी. मावशीचे घर सदाशिव पेठेत वरच्या अंगाला, तिथे जायचे ठरले, पण आजी चालणार कशी? आई गल्लीत आली तर मामांच्या दुकानाच्या फळ्या सताड उघड्या आणि मामा एकेक सायकल बाहेर ढकलतायत. मला वाटले, आपल्या सायकली वाचवतायत. पण जो येईल त्याच्या हातात ते सायकल देत होते. कोणाची म्हातारी आई, कोणाचे बाळंतपणातून उठलेले माणूस, कोणाच्या गाठोड्यांचा ढीग. एकजण एवढ्या गडबडीतही म्हणाला, "मामा, वहीत लिहा." तर मामा ओरडले, "न्या, न्या! वहीत नंतर लिहू!"

सात नंबरच्या कॅरिअरवर त्यांनी आमच्या आजीला उचलून बसवले. आजीने देव्हाऱ्यातले देव पितळी डब्यात घालून डबा पोटाशी धरला होता. आयुष्यात पहिल्यांदा सायकलवर बसली ती! मामा हँडल धरून चालत होते, मी मागून आजीच्या पाठीला हात लावून. मामी दोन मुलांना घेऊन आमच्या आईबरोबर. लक्ष्मी रस्त्यावर माणसांची ही गर्दी. मध्येच आजी म्हणाली, "हळू रे, देव सांडतील," आणि मामा त्या गर्दीतही हसले.

चौदांपैकी अकरा सायकली अशा गेल्या. तीन दुकानात राहिल्या, एकीचे चाक काढलेले होते आणि दोन खोलून ठेवलेल्या. आम्हाला मावशीकडे पोचवून मामा वहीसाठी परत निघाले होते, पण त्यांना पुढे जाता आले नाही. रस्त्यावरून पाणीच सामोरे आले.

मावशीच्या दोन खोल्यांत आम्ही अठरा माणसे चार दिवस राहिलो. त्यात मामा, मामी, त्यांची मुले. आजी सोवळ्याओवळ्याची. पण त्या चार दिवसांत तिने काही काढले नाही. मामींच्या धाकट्याला ताप आला तर स्वतःच्या हाताने त्याला पेज भरवली. एका पंगतीत जेवलो सगळे. हे मी कौतुकाने लिहिते आहे, आणि पुढचेही लिहिले पाहिजे. गल्ली पुन्हा उभी राहिली, आम्ही घरी आलो, सगळे सुरळीत झाले आणि मामांचा चहा पुन्हा ओट्याखालच्या पायरीवर येऊ लागला, वेगळ्या कपातून. मामांनी तो कप तसाच घेतला, तसाच विसळून ठेवला. अकरा वर्षांच्या मुलीला ते दिसत होते. बोलले मात्र काही नाही.

पूर ओसरला तेव्हा दुकानात कमरेएवढा गाळ होता. वही गेली, घड्याळ गेले, पिंप कुठेच सापडले नाही. तिन्ही सायकली गाळाखाली निघाल्या. मामांनी पंधरवड्याच्या आत ताडपत्री टाकून काम सुरू केले, कारण काम तर डोंगराएवढे होते! पेठांतली प्रत्येक बुडालेली सायकल चिखलाने भरलेली. चाके, पायडल, हँडल सगळे खोलायचे, छर्रे रॉकेलमध्ये धुवायचे, ग्रीस भरायचे. धुवायला पाणी नव्हतेच. खडकवासला रिकामे झाले म्हणजे नळ बंद. वाड्यांतल्या विहिरी आणि जुने हौद लोकांनी पुन्हा उपसायला घेतले आणि ते पाणी घरोघर गेले ते सायकलींवरून, हँडलला दोन्हीकडे डबे अडकवून. पानशेतवर पुष्कळ लिहिले गेले आहे, धरण कसे फुटले, चौकशी कशी झाली. पण त्या महिन्यात पुणे सायकलींवर तगले, एवढे एक वाक्य मला त्यात हवे होते.

दुकानाबाहेर मामांनी एका फळीवर खडूने लिहिले होते. 'वही वाहून गेली. ज्याचा त्याने हिशेब सांगावा.' माणसे येऊन सांगत होती. आमच्या वडिलांनी जाऊन ओव्हरहॉलिंगचे राहिलेले सात रुपये दिले. काहींनी सांगितले नसणारच. दिलेल्या अकरा सायकलींपैकी आठ दिवसांत नऊ परत आल्या. एक तर लोणी काळभोरहून आली, चालवत! दोन आल्या नाहीत. नऊ नंबर आणि अकरा नंबर. मामा म्हणायचे, "गेल्या असतील पाण्यात."

अकरा नंबर पाण्यात गेली नव्हती.

१९६२ च्या दिवाळीत आम्ही एका नातेवाइकांकडे फराळाला गेलो होतो. पुरात त्यांचेही सगळे गेले होते आणि ते शहराच्या दुसऱ्या टोकाला राहायला गेले होते. जिन्याखाली सायकल उभी होती. काळा रंग नवा, हाताने मारलेला. आम्ही पोरे जिन्यात खेळत होतो. माझे नखाने टोकरायचे वाईट खोड होते. मागच्या मडगार्डवर टोकरले तर रंगाची खपली निघाली आणि खाली पांढरा रंग. अजून टोकरले. दोन उभ्या रेघा.

रात्री मी वडिलांना सांगितले. ते बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "मोठ्यांच्या गोष्टीत लहानांनी बोलू नये." मला वाटले, ते आता बोलतील. ते बोलले नाहीत. एक मात्र झाले. दुसऱ्या दिवसापासून वडील सायकलीत हवा भरायला मामांकडे जाईनासे झाले. लक्ष्मी रस्त्याच्या पलीकडच्या दुकानात जायचे, लांब पडले तरी. मी मात्र रोज शाळेला जाता-येता दुकानावरूनच जायची आणि मामा हाक मारायचे, "काय म्हनते शाळा?" तेव्हा माझी मान खाली जायची. चोरी माझी नव्हती, पण माहीत तर मला होते ना!

मग वर्षे गेली. मी मराठी घेऊन बी.ए. केले, बी.एड. केले आणि १९७२ साली हिंगण्याच्या बाजूला एका शाळेत नोकरी लागली. घरापासून सहा किलोमीटर. बसच्या वेळा शाळेच्या वेळेशी जुळेनात. दुष्काळाचे वर्ष, महागाई, वडील नुकतेच निवृत्त झालेले. नवी सायकल परवडणार नव्हती. मी मामांकडे गेले. त्यांनी एक जुनी हर्क्युलस लेडीज खोलून पुन्हा बांधली, मागच्या चाकाला साडी अडकू नये म्हणून जाळी बसवली. किंमत एकशे चाळीस रुपये, महिना दहा रुपयांनी. कागद नाही, सही नाही, नव्या वहीत एक ओळ. पेन्सिलीने माझे नाव लिहायला लागले आणि मला राहवले नाही. म्हटले, "मामा, थांबा. लिहू नका. अकरा नंबर कुठे आहे ते मला माहीत आहे. दहा वर्षे झाली."

मामांनी पेन्सिल कानावर ठेवली. "मला अकरा वर्सं झाली," म्हणाले.

मी बघतच राहिले.

"अगं पोरी, तिच्या पुढच्या चिमट्याला मी डाग दिलेला. माझ्या हातचा डाग दुसरा दुकानदार वळखत न्हाई व्हय? पूर झाल्यावर दुसऱ्याच महिन्यात एकानं निरोप धाडला. तुमची सायकल माझ्याकडं पंक्चरला आली हुती, ठिऊन घिऊ का?"

"मग?"

"न्हाई म्हनलं. सगळं गेलेला मानूस. कामाला येवढ्या लांब जायचा." मग जरा थांबून म्हणाले, "आन तुझ्या आजीनं माझ्या पोराला पेज भरवली. तिच्या घरच्या मानसाच्या दारात सायकल मागायला जाऊ?"

"वडिलांना माहीत होतं, मामा."

"ते बी ठावं हाय. हवा भरायला यायचे थांबले तवाच कळलं." आणि त्यांनी कानावरची पेन्सिल काढून माझे नाव लिहिले.

चौदा हप्ते झाल्यावर मी पंधरावा नेऊन दिला. काही बोलले नाही, नुसते दहा रुपये ठेवले. सोळावाही ठेवला. मामांनी दोन्ही घेतले, मला वाटले जमले. पुढच्या महिन्यात सायकल हवा भरायला दिली तर त्यांनी ती ठेवून घेतली आणि संध्याकाळी परत केली तेव्हा मागचा टायर नवा होता. वहीत मला ओळ दाखवली. 'जादा जमा वीस, टायर दिला.' हिशेब पुरा!

त्या सायकलवर मी तेरा वर्षे शाळेत गेले. पावसात, परीक्षेचे पेपर कॅरिअरला बांधून, मोठ्या मुलीच्या वेळी सहाव्या महिन्यापर्यंत. आमच्या स्टाफरूममध्ये सायकलवाल्या आम्ही सातजणी होतो. मग एकेक करून लुना आल्या. आपल्याच पुण्यातल्या कंपनीने १९७२ साली आणलेली होती ती. स्कूटर नंबर लावून वर्षानुवर्षे मिळायची नाही, लुना मात्र शिक्षिकेच्या आवाक्यातली. १९८५ साली मीही घेतली. हर्क्युलस शाळेच्या शिपायाला दिली.

लुनावरून मामांच्या दुकानापुढून जायची मला लाज वाटायला लागली. का, ते नीट सांगता येत नाही. त्यांनी काही म्हटले नसते. उलट फटफटी बघून खूश झाले असते. पण दुकानात सायकली कमी होत चाललेल्या दिसायच्या, भाड्याच्या तर पाचच उरल्या होत्या, आणि मामा रिकामे बसलेले असायचे. मी केळकर रस्त्याने वळसा घालून जायला लागले. वडिलांवर मी मनातून किती वर्षे रागावले होते, आणि मीही तेच केले. पुढे आम्ही कोथरूडला राहायला आलो आणि वळसा घालायचीही गरज उरली नाही. १९९४ साली दुकान बंद झाल्याचे कळले. मामा गेल्याचे मला त्यानंतर दोन वर्षांनी कळले, तेही भाजीवाल्याकडून, भाजी घेता घेता. तेव्हा त्यांना जाऊन सात महिने झाले होते.

२०१७ च्या अखेरीस औंधला आणि विद्यापीठात मोबाईलवरून उघडणाऱ्या भाड्याच्या सायकली आल्या तेव्हा मी नातवाला मोठ्या उत्साहाने घेऊन गेले होते. थोड्याच वर्षांत त्या नाहीशा झाल्या. काही नदीकाठी, काही गटारात मोडून पडलेल्या लोकांनी पाहिल्या. अ‍ॅटलसचा शेवटचा कारखाना ३ जून २०२० ला बंद पडला, नेमका जागतिक सायकल दिन! मामा असते तर म्हणाले असते... जाऊ दे, काय म्हणाले असते ते मला माहीत नाही.

संग्रहालयातून येताना नातवाला म्हटले, नारायण पेठेतून गाडी घे. गल्ली सापडली. मामांच्या दुकानात आता मोबाईलची कव्हरे मिळतात. आत डोकावले तर तुळई तीच आणि आकडेही तेच दोन. त्यांना कव्हरांच्या माळा टांगल्या आहेत. दुकानदार मुलगा म्हणाला, "काय दाखवू, आजी?" मी नातवासाठी एक कव्हर घेतले, दीडशे रुपयांचे. त्याच्या फोनला ते बसले नाही.

माझ्याकडे मामांचा एकही फोटो नाही. पुरानंतर गल्लीत कोणीतरी फोटो काढले होते, ताडपत्रीखाली मामा बसलेत आणि शेजारी ती खडूने लिहिलेली फळी, असा एक मी मावशीकडे पाहिला होता. मावशीच्या मुलांपैकी कोणाच्या ट्रंकेत तो असेल तर कृपया शोधा. मामांची दोन्ही मुले कुठे असतात तेही कोणाला ठाऊक असेल तर कळवा. धाकटा आता माझ्याहून पाच-सहा वर्षांनी लहान असेल. पेज त्याला आठवत नसणार, पण मला त्याला अकरा नंबरचे सांगायचे आहे.